दुडक्याच्या पाठीचे टाके

“ह्यात कोण बाळंत झालं होतं काय,” अस्वलाच्या पोटातून पुटपुटणं आलं. “नुसता वेखंडाचा वास मारतोय.”

हे मला ऐकवण्यासाठी नव्हतं. अस्वलाचं डोकं एकदा चढलं की आतल्या माणसाला वाटतं, आपलं बोलणं आता आपल्यापुरतं. पण मी त्याच्या पाठीमागे उभी होते, माझा कान त्याच्या मानेपासून वीतभर लांब.

“सतरा वर्षं ट्रंकेत होतं ते,” मी म्हटलं. “कसर लागू नये म्हणून वेखंड घातलं होतं. तुला अत्तराचा फाया लावून देऊ का?”

मग समाधान ओशाळून म्हणाला, “ऐकू येतं होय अक्का बाहेर?”

“येतं की,” मी म्हटलं. म्हणून गेले खरी, आणि मग हातातलं टिचबटण कुठं लावायचं तेच मला कळेना.

ही गोष्ट दोन हजार सोळाच्या फेब्रुवारीतली. मी तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची, बार्शीत आमच्या घराच्या पुढच्या खोलीत शिलाईचं मशीन टाकून बसलेली. समाधान एका व्यायामशाळेत पोरांकडून बैठका काढून घ्यायचा. नाव समाधान, स्वभाव गाईचा, आणि सिनेमात काम गळे चिरायचं. सिनेमाचं नाव ‘दुडक्या उठला’.

सिनेमा काढणारा प्रज्योत आमच्याच गावचा, तेवीस वर्षांचा, पुण्याहून कॅमेऱ्याचं काहीतरी शिकून आलेला. त्याच्याजवळ एक उसना कॅमेरा, नऊ माणसं आणि एक थर्माकोलची कुऱ्हाड होती. पहिल्यांदा घरी आला तेव्हा मला समजावत बसला, की बाहेरच्या देशांत हल्ली असे सिनेमे निघतात. लहानपणीचं लाडकं पात्र घ्यायचं, ससा म्हणा, बाहुला म्हणा, आणि त्याच्या हातात सुरा द्यायचा. खर्च कमी. मुखवट्याआड नट कोण आहे हे कुणी बघत नाही. आणि माणसं येतात, कारण ज्याला कुशीत घेऊन झोपलो तोच उरावर बसला तर जी भीती वाटते, ती परक्या भुताची वाटत नाही. मी म्हटलं, एवढ्यासाठी सिनेमा कशाला, आमच्या भावकीतल्या एखाद्या लग्नाला ये. तो हसला. मग चहाच्या कपाकडे बघत म्हणाला, “अक्का, मला नवा पोशाख नकोय. दुडक्या तोच पाहिजे.”

दुडक्या बार्शीबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही. बार्शीतही आता विशीच्या खालच्यांना विचारू नये.

देशमाने सर शाळेत चित्रकला शिकवायचे आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांची नाटकं बसवायचे. त्यांनी एकदा कागदावर एक अस्वल काढलं. पोट मोठं, पाय आखूड, चाल दुडकी. ते घेऊन माझ्याकडे आले, हे शिवता येईल का म्हणून. मी तोवर परकर, पोलकी आणि उशांचे अभ्रे शिवत होते. मला हे काम कुणी शिकवलेलं नव्हतं. जुना कपडा उसवायचा आणि तो कसा शिवलाय ते बघायचं, एवढीच माझी शाळा. अस्वल काही कुणी उसवायला देणार नव्हतं. मग एक मोठं वेताचं टोपलं उपडं घालून मी त्यावर कागदाचा लगदा थापला आणि डोकं केलं. अंगाला चॉकलेटी ब्लँकेट, आतून सोलापुरी चादर, पोटात कापूस. तोंडाच्या जागी काळी जाळी. तिच्यातूनच बघायचं आणि तिच्यातूनच श्वास घ्यायचा. आणि आत माझा धाकटा भाऊ, दिगू.

दिगू एरवी कापडाच्या दुकानात गठ्ठे उचलायचा. चार माणसांत बसला तर आपल्या चपलांकडे बघत बसायचा. पण ते डोकं चढलं की तो कुणी वेगळाच व्हायचा. सरांची ढोलकी सुरू झाली की दुडक्या नाचायचा: डोक्यावर दोन चापट्या, पोटावर दोन, एक गिरकी, आणि धपकन उताणा. मग मुलांनी ओरडायचं, ऊठ दुडक्या. पहिल्या हाकेला त्याचा एक पाय हलायचा. दुसऱ्या हाकेला दुसरा. तिसऱ्या हाकेला तो उठून बसायचा, आणि मांडव डोक्यावर घेतला जायचा. सात वर्षं तेच, आणि सात वर्षं मुलांना दर वेळी शंका, की आज उठतोय की नाही.

पहिल्या वर्षी पोशाखाला पाठीवर चेन होती. एका प्रयोगात एका द्वाड पोरानं ती खाली ओढली आणि दिगूचा बनियन दिसला. पुढं बसलेली एक मुलगी जी रडायला लागली ती थांबेचना. “माणसानं अस्वल खाल्लं,” म्हणत होती. सरांना ते फार लागलं. त्या दिवसापासून नियम झाला: मुलांसमोर दुडक्याची पाठ उघडणार नाही. मी चेन काढून टाकली. दिगू आत शिरला की दाभणात जाड दोरा ओवून कंबरेपासून मानेपर्यंत पाठ शिवायची, आणि पुढं तोच दोरा डोक्याच्या टोपल्यात अडकवून टाकायचा. वरून ब्लँकेटची लव उलटी फिरवली की टाका दिसत नसे. प्रयोग संपला की पडद्यामागे कात्रीनं उसवायचं. आणि दुसरा नियम असा, की डोकं चढल्यावर त्याला कुणी दिगू म्हणायचं नाही आणि त्यानं एक शब्द बोलायचा नाही. बोलला की माणूस झाला. आमच्या घरात सोवळं नव्हतं, पण हे सोवळं आम्ही कडक पाळलं.

नव्व्याण्णवच्या मे महिन्यात, शाळेच्या मैदानावर, कापडी मांडवात, सकाळी अकराच्या प्रयोगात दिगू गेला. सत्ताविसाव्या वर्षी. डॉक्टर म्हणाले, ऊन लागलं. तिसऱ्या दिवशी सर घरी आले आणि भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “नाचता नाचता गेला. कलावंताला दुसरं काय पाहिजे असतं?” ते वाक्य सगळ्यांनी उचललं. भेटायला येणारा प्रत्येक जण पाणी पिऊन झालं की ते म्हणायचा. फोटोखाली आम्ही तेच रंगवून घेतलं. मलाही ते बरं वाटायचं. दुखऱ्या दाढेखाली लवंग धरतात तसं मी ते धरून होते.

ते वाक्य एकटी वैजू कधी म्हणाली नाही. वैजू म्हणजे दिगूची बायको, वैजयंता. लग्नाला आठ महिने झाले होते. माहेरचे दोनदा न्यायला आले, गेली नाही. माझ्याबरोबर राहिली. मी शिवायची, ती शेंगाचटणी कुटून विकायची. सतरा वर्षं एका छताखाली, एका ताटलीत लोणचं घेऊन आम्ही जेवलो. आमचं भांडणसुद्धा व्हायचं, मीठ कुणी जास्त घातलं यावरून. पण त्या सकाळबद्दल आम्ही एकमेकींशी एक अक्षर बोललो नव्हतो. ट्रंक माझ्या पलंगाखाली होती. खोली झाडताना वैजू ट्रंकेपर्यंत झाडू नेई आणि तिथून वळवून घेई.

तर प्रज्योतनं पोशाख मागितला तेव्हा मी नाही म्हटलं. सरळच म्हटलं. तो हट्टाला पेटला नाही, उठलाही नाही. म्हणाला, अक्का, मी त्या प्रयोगाला होतो. सहा वर्षांचा. पहिल्या रांगेत.

मग त्यानं सांगितलं ते असं. दुडक्या पडला. मुलांनी हाका मारल्या. पहिल्या हाकेला पाय हलला. मग काहीच नाही. मुलं ओरडत राहिली, आठ वेळा, दहा वेळा. मग मोठी माणसं आली आणि म्हणाली, दुडक्या झोपलाय, घरी जा. त्याला वाटायचं, आपला आवाज कमी पडला. कितीतरी दिवस त्याच्या स्वप्नात दुडक्या उशाशी येऊन उभा राहायचा आणि विचारायचा, जोरात का नाही ओरडलास? पुढं सातवी-आठवीत गेल्यावर देशमाने सरांकडून त्याला खरं कळलं, की आतला माणूस त्या दिवशी वारला. नाचता नाचता. तेव्हा त्याला कुठं मोकळं वाटलं. सिनेमाची गोष्ट त्यानं त्यावरूनच केली होती: सतरा वर्षांनी दुडक्या उठतो, तेव्हाची मुलं एकेक करून शोधून काढतो, आणि मारण्याआधी प्रत्येकाला तेवढं एकच विचारतो.

“सुरुवातीला त्यांचा शेवटचा नाच दाखवणार आहे,” तो म्हणाला. “जसाच्या तसा. तो खरा पाहिजे. बाकी सगळं खोटंच आहे.”

मी काही बोलणार तोच आतल्या दारात वैजू येऊन उभी राहिली. हाताला तिखट लागलेलं. कधीपासून ऐकत होती कोण जाणे.

“द्या की अक्का,” ती म्हणाली. “ट्रंकेत तरी काय करतोय तो.”

एवढंच म्हणून आत गेली. मुसळाचा आवाज परत सुरू झाला.

पोशाख बाहेर काढला तेव्हा मी खोलीचं दार लावून घेतलं होतं. एक कान उंदरानं खाल्ला होता, तो नवा केला. पोटाचा कापूस गोळा झाला होता, तो पिंजून भरला. तोंडाची जाळी फाटली होती, ती काढून दुसरी बसवली. वैजूनं बाहेरून विचारलं, फार खराब झालंय का. मी म्हटलं, उंदीर, दुसरं काय. जुनी जाळी मी चुलीत घातली.

आणि मनाशी एक ठरवलं. पोशाख द्यायचा; पण माणूस आत घालून पाठ शिवायची नाही. कुणाचीही नाही. म्हणून पाठीला वरपासून खालपर्यंत बावीस टिचबटणं लावली. झटका दिला की टचाटच उघडतील अशी. समाधानला माझ्यासमोर पाच वेळा आतून उघडायला लावलं. त्याला वाटलं, म्हातारी जरा वेडसर आहे.

त्यांचं शूटिंग म्हणजे करमणूक होती. दिवे परवडत नव्हते, म्हणून रात्रीचे खूनही दुपारी बाराला व्हायचे. पुढं सगळं निळं करून घेऊ म्हणायचे. गुलाबाच्या सरबतात आरारूट कालवून रक्त केलं होतं. दुसऱ्या दिवशी प्रेताला मुंग्या लागल्या आणि प्रेत चड्डी झटकत उठलं. समाधान कुऱ्हाड उगारायचा आणि खाली आणताना हळू आणायचा, समोरच्याला लागेल म्हणून. प्रज्योत कपाळाला हात लावायचा. मी मात्र रोज जात होते. बटणं तपासायला जाते असं सांगायचे. खरं म्हणजे मला ते अस्वल चालताना बघायचं होतं. लांबून, पाठमोरं. लाज वाटते सांगायला, पण दोन-तीनदा मी त्याला मनात दिगू म्हटलं.

शेवटच्या दिवशी तो नाच होता. प्रज्योतनं शाळेचं तेच मैदान मागून घेतलं होतं. मांडव घातला, बसकरांवर चाळीसेक मुलं बसवली. देशमाने सर आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, हात थरथरणारे, पण ढोलकी मांडीवर आली की थरथर थांबायची. सिनेमात ते देशमाने सरच होणार होते. वैजूनं सगळ्यांना पोहे करून आणले होते. सतरा वर्षांत ती त्या मैदानाच्या रस्त्यानंही गेली नव्हती. मी विचारलं, तू कशाला आलीस. म्हणाली, पातेलं तुम्हाला एकटीला उचललं नसतं.

पहिल्यांदा नाच सुरू झाला आणि गिरकीत समाधानची पाठ टचाटच उघडली. मुलं खिदळली. दुसऱ्यांदा तेच. तिसऱ्यांदा मी बटणांवरून कच्चा धावदोरा घातला. तोही हात वर करताच उसवला. प्रज्योत माझ्यापाशी आला. त्याचा चेहरा उतरला होता. मुलांना एक वाजता घरी सोडायचं कबूल केलं होतं, पुन्हा ती जमायची नाहीत.

“अक्का, पक्का टाका घाला ना. एकदाच.”

मी नाही म्हटलं.

सर मांडीवरची ढोलकी तशीच धरून म्हणाले, दुडक्याची पाठ मुलांसमोर उघडायची नाही हा नियम आपणच केला होता, अक्का. समाधान म्हणाला, घाला की, फेब्रुवारी आहे, मला काय होतंय, मी बंद खोलीत दोनशे बैठका मारतो. सगळे माझ्याकडे बघत होते. मी वैजूकडे बघितलं. मला वाटलं होतं, ती तरी नको म्हणेल.

ती पदराला हात पुसत माझ्यासमोर आली आणि तळवा पुढं केला.

“घाला टाका,” म्हणाली. “कात्री माझ्याकडे द्या.”

मी कमरेची कात्री काढून दिली. दाभण घेतलं. दोरा ओवताना हातांनी आपणहून दोरा दुमडला. जाड दोरा नेहमी एकेरीच घालायचा असतो. एकेरी दोरा जोर लावला तर तुटतो. दुहेरी मी सबंध सात वर्षांत एकदाच घातला होता. आदल्या प्रयोगाला मानेजवळ उसवलं होतं, सर चिडले होते, म्हणून. त्या मे महिन्यातल्या सकाळी.

मी दोरा एकेरी केला. कंबरेपासून वर येत गेले. मानेशी पोचले तेव्हा आतून समाधान हळूच म्हणाला, “अक्का, थांबलात का मधेच?”

“गप बस,” मी म्हटलं. “दुडक्या बोलत नसतो.”

प्रज्योतनं समाधानला बाजूला घेऊन नाच समजावला. तो काय सांगत होता ते मला ऐकू आलं नाही. नुसते हात दिसत होते. मग सगळे जागेवर गेले आणि ढोलकी सुरू झाली.

डोक्यावर दोन चापट्या. पोटावर दोन. गिरकी. मुलं खूश. आता पडणार, म्हणून मी श्वास सोडला. पण तो पडला नाही. त्याचे दोन्ही पंजे मानेकडे गेले. मान धरून तो वाकला, सरळ झाला, परत वाकला. मग एक हात पाठीमागं नेला, पोचत नव्हता, दुसरा नेला, तोही पोचेना, आणि तो स्वतःभोवती फिरायला लागला, कुत्रं शेपटीमागं फिरतं तसा. मुलं हसायला लागली. मग पंजे तोंडावर, जाळीवर. मग तो सरांकडे धावला, त्यांच्यापुढं गुडघ्यावर बसला आणि डोकं जमिनीवर आपटायला लागला. चाळीस मुलं हसून हसून एकमेकांवर पडत होती.

सरांच्या हातांनी लय वाढवली. सवयीनं. मग ते हात एकदम थांबले.

मी धावायला पाहिजे होतं. मी उभीच राहिले. त्या मे महिन्यातल्या सकाळी मी पडद्यामागे एका पोराच्या शेपटीला टाका घालत बसले होते. बाहेर हशा उसळला होता, असा कधीच उसळला नव्हता, आणि मी दोरा दातानं तोडत मनात म्हटलं होतं, आज दिगूनं कमाल केली. कात्री माझ्या कमरेला होती.

माझ्या शेजारून वैजू गेली. धावली नाही, भरभर चालत गेली. कॅमेऱ्यासमोरून गेली, समाधानच्या पाठीशी गुडघे टेकले, आणि मानेपासून खाली कंबरेपर्यंत खसाखसा टाके कापले. टोपलं दोन्ही हातांनी उपसून बाजूला टाकलं. घामानं निथळणारं समाधानचं डोकं बाहेर आलं.

“काय झालं वहिनी?” तो म्हणाला. “मी बरा होतो की. सांगितलं तसंच करत होतो.”

मुलांना हे सगळ्यांत आवडलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या. कुणीतरी त्यांना उठवून पोह्यांकडे नेलं.

प्रज्योत आला. चिडला होता, पण मोठ्या माणसांवर कसं चिडायचं ते त्याला येत नव्हतं. इतका बरोबर जमला होता हो, म्हणाला, अजून फक्त पडायचं राहिलं होतं.

“असा नाच मी बसवला नव्हता,” देशमाने सर म्हणाले.

“सर, मी पहिल्या रांगेत होतो.” प्रज्योतच्या आवाजात आता कौतुक होतं, आपलं जपून ठेवलेलं काहीतरी दाखवतात तसं. “माझ्या डोळ्यांपुढं आहे. आधी दोन्ही हात मानेला. मग पाठीमागं. मग जाळी ओढली. मग तुमच्याकडे धावत आले, गुडघ्यावर बसले, तुम्ही लय वाढवलीत. सगळा मांडव हसत होता सर, मोठी माणसंसुद्धा. मी तर पोट धरून लोळलो होतो. तसा नाच त्यांनी आधी कधीच केला नव्हता. मी घरी आरशापुढं करून बघायचो, वर्षभर. म्हणून तर जसाच्या तसा आलाय.”

ढोलकी मांडीवरून उतरवून सरांनी जमिनीवर ठेवली आणि तळहात आपल्या धोतरावर पुसले, परत पुसले. माझ्याकडे त्यांनी बघितलं नाही. मी त्यांच्याकडे बघितलं नाही. उताण्या पडलेल्या त्या डोक्याच्या तोंडाकडे मी बघत होते. नवी जाळी, मी बसवलेली, जागच्या जागी होती. जुनी उंदरांनी खाल्लेली नव्हती. ती आतून फाटली होती, आणि तिच्यावर दातांच्या दोन ओळी होत्या, माणसाच्या. हे मी सतरा वर्षांपूर्वी ट्रंक बंद करतानाच बघितलं होतं.

“काय झालं?” प्रज्योत एकेकाकडे बघत म्हणाला. “माझं काही चुकलं का?”

वैजूनं कात्री माझ्या हातात दिली. तुटलेल्या दोऱ्याचे तुकडे तिच्या साडीला चिकटले होते, ते तिनं एक एक करून वेचले आणि मुठीत धरले. मग त्याच्याजवळ गेली. तेवीस वर्षांचा मिशा फुटलेला मुलगा, पण त्या वेळी त्याचं तोंड सहा वर्षांचं झालं होतं. तिनं त्याच्या दंडावर हात ठेवला. सर उठून जायला लागले होते, ते थांबले. मी डोळे मिटले नाहीत, एवढंच मला माझ्याबद्दल बरं सांगता येईल.

“बाळा,” वैजू म्हणाली, “ते नाचत नव्हते.”